नवव्या बाराचा कागद

बार १. भोक पाच फूट. अंतर दोनशे फूट. कागद वाया. शेरा: दगड उडाले.

"अहो, खडक फोडायचा नाहीये आपल्याला!"

साहेबांनी टोपी काढून झटकली. मुरमाचे खडे खाली पडले. पलीकडे उभ्या ट्रकच्या टपावरही खडे वाजले होते, आणि आतला यंत्रवाला दार किलकिलं करून बघत होता, आभाळ जागेवर आहे ना म्हणून.

कमरुद्दीन बाराची पेटी तिथेच ठेवून चालत आला. साहेबांच्या अगदी समोर, त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"फोडायचा न्हाई? मग बार कशापायी उडवायचा साहेब?"

"खडकाला नुसता धक्का द्यायचा. पाठीवर थाप मारावी तसा. धक्का खाली गेला पाहिजे, वर नाही."

"थाप मारायला एवढी दारू?" मागून त्याच्या हाताखालचा भीमा म्हणाला. "मग आमच्या भाईला कशाला आनलं? तालमीतला वस्ताद आनायचा."

माणसं हसली. कमरुद्दीनही हसला, पण जरा मागाहून, सगळे हसताहेत हे बघितल्यावर.

चूक त्याची होती म्हटलं तर होती. त्याने भोकात तळाला दारूचे तोटे ठेवले, वर कोरडा मुरूम, वर चिकणमाती, आणि लाकडी दांड्याने असं ठासलं की दारूला खडकाशिवाय दुसरी वाट राहू नये. एकतीस वर्षं त्याच्या हातांना हेच ठाऊक होतं. मिरजगावपासून काष्टीपर्यंत दोनशेच्या वर विहिरींना त्याने बार लावले होते. बार झाला आणि दगड जागच्या जागी राहिला, तर विहिरीचा मालक चहासुद्धा विचारत नसे.

"यापुढे वरून पाणी ओतायचं," साहेब म्हणाले. "ठासायचं नाही. भोक पाण्याने भरायचं."

कमरुद्दीन भीमाकडे बघत राहिला. दारूवर पाणी ओतायला सांगणारा माणूस त्याला बावन्न वर्षांत भेटला नव्हता.


बार २. अंतर तीनशे फूट. कागद बरा. शेरा: चौथ्या रेघेवर बैल.

मिरजगावच्या पूर्वेला माळ होता. सन एकोणपन्नासचा मार्च. ज्वारी निघून गेली होती, रानं मोकळी होती, आणि म्हणूनच साहेबांनी हा महिना धरला होता. साहेब म्हणजे धोपेश्वरकर, भूगर्भाचे अभ्यासक. मुंबईहून एक ट्रक, एक यंत्र आणि लढाईतून उरलेलं टेलिफोनच्या तारेचं भेंडोळं घेऊन आले होते.

काम असं होतं. माळावर एका ओळीत सहा लोखंडी डब्या जमिनीत रुतवायच्या. गावाने त्यांना लगेच नाव दिलं, साहेबाचे कान. प्रत्येक कानातून एक तार ट्रकमध्ये. ट्रकमध्ये फोटोचा कागद, त्यावर सहा रेघा. लांब कुठेतरी बार उडवायचा. जमीन हलली की कानांना कळायचं आणि रेघा थरथरायच्या. कोणता कान किती उशिरा थरथरला, यावरून खाली काय आहे आणि किती खोल आहे ते काढायचं.

कानांना बाराखेरीज काहीही ऐकू येता कामा नये, म्हणून अर्ध्या मैलात सगळ्यांनी स्तब्ध राहायचं. मोटा थांबवायच्या. चालणाऱ्याने जागच्या जागी उभं राहायचं. लाल निशाण वर गेलं की गाव धोंड्यासारखं व्हायचं, खाली येऊन बार झाला की पुन्हा माणसांत यायचं.

दुसऱ्या बाराचा कागद ट्रकच्या अंधाऱ्या खणातून ओला बाहेर आला. साहेबांनी तो उन्हात धरला आणि चौथ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे बघा. इथे कोणीतरी चाललंय. जड आहे. चार पायांचं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दोन शेतांपलीकडे राहीबाईच्या विहिरीवर मोट चालूच होती. कांद्याला पाणी होतं. राहीबाईचा नवरा वारून दहा वर्षं झाली होती; मोट ती स्वतः हाकी.

भीमाने तिला बोलावून आणलं. तिने कागद निरखून पाहिला. "हा माजा बैल?"

"हो. तुमचाच," साहेब म्हणाले.

"म्हंजी सरकारी कागदावर फोटू निघाला म्हना की माझ्या ढवळ्याचा!" ती कमरुद्दीनकडे वळली. "बगितलं का कमरूदादा? तुमचा बार झाला एवढा मोठा, पन नाव माझ्या बैलाचं झालं."

"उंद्या बैलाला पगार चालू हुतोय," भीमा म्हणाला.

"हु दे की. तुज्यापरीस जास्त काम करतो त्यो."

पण पुढल्या दिवसापासून निशाण वर गेलं की राहीबाई मोट सोडून बैलाच्या शिंगांना धरून उभी राहायची. हललं तर फोटू बिघडतो, असं ती इतरांनाही सांगायची.


बार ३, ४. कागद चांगले.

इथे कमरुद्दीनचं सांगायला हवं.

आदल्या साली सरहद्दीपलीकडे निजामाच्या मुलखात गडबड उसळली, तेव्हा तालुक्यातले दारूचे सगळे परवाने जमा करून घेतले होते. गडबड मिटली. बाकीच्यांचे परवाने एकेक करून परत आले. कमरुद्दीनचा आला नाही. त्याला कुणी नाही म्हणत नव्हतं. बघू म्हणत होते. बघू ऐकायला तो सात वेळा नगरला जाऊन आला होता. परवाना नाही म्हणजे तोटे नाहीत, तोटे नाहीत म्हणजे विहिरी नाहीत. घरातल्या दोन शेळ्या एव्हाना बाजाराला गेल्या होत्या.

साहेबांच्या कामाला साहेबांचाच परवाना होता, त्यामुळे इथे तो बार उडवू शकत होता. आणि पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले होते, "काम चोख झालं तर मी चिठ्ठी देईन. हा माणूस भरवशाचा आहे, अशी. माझ्या सहीला तिथे किंमत आहे."

दहा बार व्हायचे होते. दहा बार नीट झाले की चिठ्ठी.

दुसरी गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. बायकोला आणि भीमाला. कमरुद्दीनचा डावा कान केव्हाच गेला होता, आणि उजवा गेल्या तीन वर्षांत गेला होता. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून त्याला कळे. पाठीमागून तोफ उडाली तर पायाला कळे.

विहिरीचा बार वातीने उडतो. पाच भोकं असली तर पाच वाती पेटवायच्या, वर यायचं आणि मोजायचं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच आवाज आले तर खाली उतरायचं. चार आले तर एक बार खाली जिवंत पडला आहे. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पाऊल ठेवायचं नाही. मोजतो तो बारवाला. तो म्हणाला पाच, तर माणसं उतरतात. त्याच्या शब्दाखेरीज त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं.

काष्टीच्या एका विहिरीत कमरुद्दीनने पाच मोजले होते, तळव्यांनी. पाचवा बार नव्हता. कडेची दरड कोसळली होती. भीमा सगळ्यांत आधी उतरला आणि पहार घालणार एवढ्यात त्याला ढिगातून बाहेर आलेलं वातीचं टोक दिसलं. त्याने पहार हळूच खाली ठेवली, वर आला, तोंड धुतलं, आणि कुणाला काही बोलला नाही. त्यानंतर दर बाराला भीमा विहिरीच्या समोरच्या काठावर उभा राहू लागला. प्रत्येक आवाजाला तो एक बोट उघडायचा. कमरुद्दीन बोटं मोजायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा.

माळावर तेवढंही लागत नव्हतं. निशाण खाली आलं की पेटीची दांडी दाबायची. निशाण डोळ्यांना दिसतं.


बार ५. अंतर बाराशे फूट. कागद उत्तम.

दुपारी बाभळीखाली भाकरी खाताना साहेबांनी विचारलं, "राहीबाईंची विहीर तुम्हीच खणलीत ना? काय काय लागलं?"

कमरुद्दीनने चटणीचं बोट पुसलं आणि बोटांवरच सांगायला लागला. "सात हात मुरूम. मग चार हात मांजऱ्या, त्यो मऊ, पहारीनं निघतो. मग काळा पाषान, लई कडक, बारा हात. मग तेविसाव्या हाताला तांबडा पट्टा, इटकरीवानी. त्याच्या खालून पानी आलं. त्याच्याखाली पुन्ना काळाच."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि आकडेमोड केलेलं पान त्याच्यासमोर धरलं. "तेवीस हात म्हणजे साडेचौतीस फूट. माझा कागद म्हणतो छत्तीस." त्यांनी छत्तीसावर काट मारली. "तुमचं खरं धरतो. तुम्ही हात लावून आलाय."

"पन साहेब, आमच्या विहिरी मोजून तुमाला काय करायचं?" भीमाने विचारलं. "मुंबैत पानी न्हाई का?"

"मुंबईत पाणीच पाणी आहे. त्या पाण्याखाली काय आहे ते बघायचंय." साहेब रत्नागिरीकडचे, समुद्राचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. "लोकांना वाटतं, किनारा आला म्हणजे जमीन संपली. तसं नाही. जमीन पाण्याखाली तशीच पुढे जाते, अगदी हळू उताराने. शंभर मैल, कुठे त्याहून जास्त. आणि मग एकदम कडा, खोल. ती खरी जमिनीची कड. किनारा ही नुसती आजची रेघ आहे. कधी ती आत होती, कधी फार बाहेर. मुंबईची गोदी खणताना चिखलात झाडांची खोडं सापडली होती. उभी, मुळांसकट."

"समुद्रात झाडं?"

"तेव्हा तिथे समुद्र नव्हता. रान होतं."

कमरुद्दीन त्यांच्या ओठांवरची नजर काढत नव्हता. "आन् त्या जिमिनीखाली आपलाच काळा पाषान?"

"तेच शोधायचंय. माझा अंदाज असा, की हा तुमचा काळा खडक थरावर थर साचला, मग पश्चिमेची बाजू मोडली आणि पायऱ्या-पायऱ्यांनी खाली बसली. तिच्यावर नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. समुद्र आला, गेला, पुन्हा आला. आता वरून सपाट दिसतं, पण आत सगळा इतिहास घडी घालून ठेवलाय. तिथे विहीर खणता येत नाही. म्हणून बार उडवून ऐकायचं. काळ्या खडकातून धक्का किती वेगाने पळतो हे इथे नक्की केलं, की तिथे तोच वेग कागदावर दिसला की ओळखायचं, आला आपला खडक."

"येग कसा कळतो?"

साहेबांनी काटकीने मातीत रेघ मारली. "तुम्हाला नगरला जायचंय. रानातल्या वाटेने सरळ चालत गेलात तर दोन दिवस. उलट दिशेला जाऊन आधी सडक गाठलीत आणि लॉरी पकडलीत तर दुपारी नगरात. जवळ जायचं तर वाट बरी, लांब जायचं तर सडक. धक्क्याचंही तसंच. जवळच्या कानाला तो मुरमातून चालत पोचतो. लांबच्या कानाला खाली काळ्या खडकात उतरून, तिथून पळत जाऊन, वर येऊन आधी पोचतो."

कमरुद्दीन त्या रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आन् तांबडा पट्टा? त्यो कशाचा?"

"एक थर आला आणि पुढचा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्याचा. पाऊस पडला, माती झाली, झाडं आली असतील. मग वरून पुढचा तापलेला रस आला आणि माती भाजून निघाली."

"म्हंजी इसावा," कमरुद्दीन म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं. भीमाने वाकून पाहिलं, पण इंग्रजी होतं.


बार ६, ७, ८. कागद चांगले.

"उद्याचा बार टेकाडापलीकडे," साहेबांनी सांगितलं. "चार हजार फूट. निशाण दिसणार नाही. टेलिफोन लावू. घंटी वाजली की यंत्रवाला एकपासून मोजायला लागेल. दहाला दांडी दाबायची."

"भीमा माझ्यासंगं असू द्या साहेब."

"भीमा शेवटच्या कानापाशी हवा. तिथून गुरांची वाट जाते. दुसरा माणूस नाही माझ्याकडे."

संध्याकाळी घरी कमरुद्दीन चुलीसमोर बसला. त्याच्या बायकोने, मेहताबने, ताट वाढलं आणि समोर येऊन बसली; आता ती नेहमी समोर येऊनच बोलायची.

"दूध उतू गेलं मगाशी. तीनदा हाक मारली. तुमी शेजारीच बसला हुता."

"दिसलं न्हाई."

"ऐकायचं असतं त्ये." तिने भाकरी मोडून ताटात टाकली. "किती ऱ्हायले?"

"दोन."

"मंग चिठ्ठी?"

"मंग चिठ्ठी."

"सांगून का टाकत न्हाई त्यांना? मानूस बरा दिसतो."

"बरा हाय म्हनून तर. बरा मानूस खोटी चिठ्ठी देत न्हाई."

जेवून झाल्यावर भीमा आला. अंगणात दोघांनी तालीम केली. भीमाने घंटी वाजल्याची खूण केली, कमरुद्दीन मनात मोजून हात दाबायचा. भीमा तोंडाने मोजायचा. चौदा वेळा केलं. चौदाही वेळा दोघांचे दहा एकाच वेळी आले.

"घंटीवर बोट ठेवायचं," भीमा म्हणाला. "थरथरली की चालू. मग फोनमदी कोन काय बोलतंय, तुला काय करायचंय?"


बार ९.

एक. घंटीच्या वाटीवर ठेवलेलं बोट थरथरलं. त्याने दुसऱ्या हाताने टेलिफोन उजव्या कानाला लावला. कुणी बघितलं तर दिसायला हवं.

दोन. भोकात पाणी काठोकाठ होतं. दोन दिवस लागले होते ते भोक पाडायला, बारा फूट, निम्मं काळ्यातून.

तीन. टेलिफोनमध्ये वारं होतं. किंवा ते त्याच्याच डोक्यात होतं.

चार. टेकाडापलीकडे गाव उभं असेल. राहीबाई शिंगं धरून.

पाच.

सहा. एक टिटवी उठली आणि तोंड उघडत गेली.

सात. दांडी वर ओढलेली.

आठ. टेलिफोन कानावर जरा थरथरल्यासारखा झाला. यंत्रवाला असाच मोजत असणार, दाबून.

नऊ. पुन्हा थरथरला.

दहा.

जमीन पायाखाली एकदा उचलली गेली आणि बसली. भोकातलं पाणी ताडाएवढं उंच गेलं, उन्हात थोडा वेळ उभं राहिलं आणि पडलं. एक खडा उडाला नाही. इतका नितळ बार त्याने आयुष्यात लावला नव्हता.

तो पेटीजवळ बसला आणि वाट पाहू लागला.

टेकाडावरून भीमा पळत आला. धापा टाकत त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला, म्हणजे तोंड नीट दिसावं.

"भाई, थांबा म्हनाले हुते. दोनदा. सडकंनं लॉरी आली, सगळे कान हालाया लागले. साहेब फोनवर वरडले, थांबा. तू न्हाई थांबला."

कमरुद्दीनने हातातला टेलिफोन खाली ठेवला.

"साहेब येत्यात. चालत निघाल्यात." भीमाने इकडेतिकडे पाहिलं. टेलिफोनची तार टेकाडावरून येत होती. वीस पावलांवर तिला एक सांधा होता, चिंधीने गुंडाळलेला. भीमा उठला, तिथे गेला, तार दोन्ही मुठींत धरली आणि हिसडा दिला. सांधा सुटला. तांब्याचं टोक त्याच्या तळहातातून ओरबाडत गेलं. परत येऊन त्याने हात धोतरात पुसला.

"तार तुटली हुती. फोन बंद पडला, म्हनून तू मनानं मोजलं. बास. तू कायबी बोलू नको, म्या सांगतो."

साहेब आले. हातात ओला कागद होता, दोन बोटांत धरलेला. चेहरा लाल झाला होता, चालण्याने की कशाने ते कळत नव्हतं.

"सातला कागद सुटला. आठला मी थांबा म्हटलं. पुन्हा म्हटलं. हे बघा, लॉरी पहिल्या रेघेपासून सहाव्यापर्यंत, आणि त्यातच तुमचा बार. बरोबर दहाला, तसूभर इकडेतिकडे नाही. काय हे कमरुद्दीन?"

"साहेब, तार," भीमाने बोट दाखवलं. "तुटली."

साहेब वळले. सांध्याकडे गेले, सुटलेलं टोक हातात घेऊन पाहिलं. त्यांचे खांदे सैल झाले. "असं होय," ते म्हणाले. "मी उगीच… हे भेंडोळंच भिकार आहे. लिलावातलं. मग तुमचा काय दोष? उलट तार तुटूनही नेमका दहाला उडवलात."

भीमा कमरुद्दीनकडे बघत होता. आता काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की उद्याचा दहावा बार, मग चिठ्ठी, मग परवाना. मग वैशाखात कुणाची तरी विहीर. पाच वाती. वरती काठावर कमरुद्दीन मोजणार, आणि पाच म्हटलं की पहिला उतरणार तो भीमा.

तो उभा राहिला.

"तार आत्ता तुटली, साहेब. बाराच्या टायमाला शाबूत हुती."

"आत्ता म्हणजे?"

"म्या तोडली. मागनं. तुमी बोलला आसाल थांबा. मला ऐकू आलं न्हाई. मला ऐकू येतच न्हाई. तीन वर्सं झाली."

भीमाने तोंड उघडलं. कमरुद्दीनने त्याच्याकडे पाहिलं, आणि भीमाने मिटलं.

साहेबांनी तारेचं टोक खाली टाकलं. त्यांची नजर कमरुद्दीनच्या हातांवर गेली. ते कोरडे होते, मातीने माखलेले. मग भीमाच्या धोतरावरच्या लाल डागावर गेली. तिथून ती त्यांनी काढून घेतली.

"आणि निशाण?"

"दिसतं त्ये."

"विहिरींवर कसं मोजत होता?"

"पायानं. काष्टीला चुकलं एकदा." तो भीमाकडे न बघता म्हणाला, "तवा कुनी मेलं न्हाई. पन त्ये माझ्यामुळं न्हाई."

साहेबांनी कागद उन्हाकडे धरला. लॉरी रेघांवर केसांसारखी पसरली होती. तिच्यातून, खालून वर येणारा बार बारीक सुईसारखा दिसत होता, सहाही रेघांवर, आपापल्या वेळेला.

"चिठ्ठी मी देऊ शकणार नाही," ते म्हणाले. त्यांनी ते अगदी समोर येऊन, सावकाश, ओठ नीट हलवून म्हटलं.

"ठाव हाय."

"हा कागद मात्र फेकत नाही. समुद्रावर सगळे कागद असेच येणार. लाटांना थांबा म्हणता येत नाही. यातून बार कसा वेगळा काढायचा, ते यावरच शिकावं लागेल." त्यांनी कागद पिशवीत ठेवला. मग जरा अवघडून म्हणाले, "भोक फार चांगलं भरलं होतं तुम्ही."


बार १०. अंतर चार हजार फूट. कागद उत्तम. भरणारा: कमरुद्दीन. उडवणारा: भीमा.

चिठ्ठी भीमाच्या नावाने झाली. ती त्याने घ्यायला नकार दिला, दोन दिवस घेतली नाही. तिसऱ्या दिवशी कमरुद्दीनने ती त्याच्या बंडीच्या खिशात घातली आणि बटण लावलं. साहेबांचा ट्रक नगरच्या सडकेने निघून गेला. माळावर भोकं राहिली. गुरं अडकू नयेत म्हणून राहीबाईने त्यांच्यावर धोंडे ठेवले.


वैशाखात गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याने विहीर काढली, मिरजगावच्या दक्षिणेला. मुरूम संपला, मांजऱ्या संपला, काळा लागला. भीमाचा नवा परवाना आला होता. भोकं कमरुद्दीनने भरली, पाच, त्याच्या पद्धतीने, ठासून. वाती भीमाने पेटवल्या आणि वर आला.

चौघे खणणारे बांधाला पाठ लावून बसले होते. भीमा काठावर उभा राहिला. कपाळावरची शीर टरारली होती. धूर वर आला. दगडांची कडकड थांबली. भीमा वळला.

"पाच," तो म्हणाला.

कुणी उठलं नाही. एकाने तंबाखू मळायला घेतली. दुसऱ्याने पायातलं पायताण काढून झटकलं आणि पुन्हा घातलं. भीमाचा हा पहिलाच आकडा होता, आणि त्यांना घरी बायकापोरं होती.

"पाच झाले की रं," भीमा पुन्हा म्हणाला. आवाज जरा चिरकला. "म्या मोजले."

"धूर हाय अजून," कोणीतरी म्हणालं.

कमरुद्दीन बाभळीखालून उठला. तो भीमाच्या समोर गेला.

"किती?"

"पाच, भाई."

"पाच न्हवं?"

"पाच."

त्याने मुंडासं काढून गहिनीनाथच्या हातात दिलं. लुंगी वर खोचली. दोर कमरेला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि काठावरून पाय खाली सोडला. मांजऱ्याचा थर तोंडासमोरून वर गेला, मग काळा. धुराने डोळे भरले. तळाला फुटलेले दगड अजून गरम होते.

वरून भीमा काहीतरी ओरडला. तोंड हललेलं दिसलं, तेवढंच. कमरुद्दीनने हात वर केला, वाकला, पहिला धोंडा उचलून पाटीत टाकला आणि पाटीचा दोर ओढला.